शून्य रेखांशावर माझा फोन शून्य दाखवेना

लंडनमध्ये पाच दिवस होते. चार दिवस राजवाडे, पूल आणि पाऊस यांत गेले. मनात राहिली ती ग्रिनिचची टेकडी.

बागेतून वेधशाळेकडे जाणारा चढ चांगलाच खडा आहे. धापा टाकत वर पोचले, तर अंगणात भली मोठी रांग. शून्य रेखांशाची खूण म्हणून जमिनीत बसवलेल्या धातूच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय ठेवायचा, एक पूर्व गोलार्धात, एक पश्चिम गोलार्धात, आणि फोटो काढायचा. पाऊण तास उभी होते. एकेक कुटुंब दहा-दहा फोटो काढत होतं, मागच्यांची कुणाला पर्वा नव्हती. भयंकर चिडचिड झाली, पण रांग सोडली नाही. शाळेत नकाशावर ही रेघ इतक्यांदा पेन्सिलीनं गिरवली होती, की तिला पाय लावल्याशिवाय परतणं शक्य नव्हतं.

पाळी आल्यावर आधी फोनवर रेखांश पाहिला. 0 अंश, 0 मिनिटं, 5 सेकंद पश्चिम. फोन बंद करून चालू केला, जरा थांबले. ते पाच सेकंद हटेनात. मागून कुणीतरी घसा खाकरला आणि मी बाजूला झाले.

हे सेकंद घड्याळाचे नव्हेत. एका अंशाचे 3600 भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे हा सेकंद. विषुववृत्तावर तो सुमारे 31 मीटर भरतो, ग्रिनिचला मात्र 19च, कारण सगळी रेखावृत्तं ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ येत जातात. पृथ्वीगोल हातात घेऊन वरून पाहिला की हे लगेच दिसतं, सपाट नकाशावर सहसा कळत नाही.

तिथल्या एका कर्मचारी बाईंना विचारलं. हा प्रश्न त्यांना नवा नसावा. पूर्वेकडे हात दाखवून म्हणाल्या, "फोनचं शून्य तिकडे. एकशे दोन मीटर."

कारण त्यांनीच समजावलं. अंगणातली रेघ खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांच्या दुर्बिणीवरून ठरली. ती 1851 पासून वापरात आली. आकाश मोजायचं तर आधी सरळ वर म्हणजे कुठे हे पक्कं हवं, आणि ते तिथे पाऱ्याच्या स्थिर पृष्ठभागावरून ठरवत. गवंडी ओळंबा सोडतो, तसंच हे. पण ओळंबा गुरुत्वाकर्षण ओढेल तिकडे जातो. जमिनीखालचं वस्तुमान सगळीकडे सारखं नसतं, त्यामुळे ग्रिनिचचा ओळंबा किंचित कलतो. उपग्रह फिरतात ते पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्राभोवती, आणि फोन जागा उपग्रहांवरून काढतो, म्हणून त्याची मोजणी तिथून होते. या एवढ्याशा कलाचे जमिनीवर 102 मीटर होतात!

ऐकून राग ओसरला. आत जाऊन घड्याळजी जॉन हॅरिसन यांच्या घड्याळांसमोर बराच वेळ उभी राहिले. अक्षांशाचं शून्य पृथ्वीच्या फिरण्यातूनच मिळतं. विषुववृत्त कुणी ठरवावं लागत नाही, आणि उत्तर गोलार्धात ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, साधारण तितका आपला अक्षांश. रेखांशाला असा आधार नाही. तो दोन ठिकाणांच्या वेळेतल्या फरकावरून काढायचा: तासाला 15 अंश, अंशाला 4 मिनिटं. शाळेत ही गणितं मी पाठांतरावर सोडवली. जिथून निघालो त्या बंदराची वेळ सांभाळणारं घड्याळ भर समुद्रात जवळ नसेल तर खलाशाचं काय होत असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं. हॅरिसन यांचं चौथं घड्याळ 1761 मध्ये जमैकाला निघालं आणि 81 दिवसांत सुमारे 5 सेकंदच मागे पडलं. ते तळहाताएवढं यंत्र पाहून डोळे भरून आले.

शून्याची रेघ कुठे ओढायची हे माणसांनीच ठरवायचं होतं. आपले जुने ज्योतिषी उज्जैनवरून मोजत, फ्रेंच पॅरिसवरून. 1884 मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत 25 देश जमले आणि 22 मतांनी ग्रिनिच ठरलं, कारण तोवर बहुतेक जहाजं ग्रिनिचवर बेतलेलेच नकाशे वापरत होती. फ्रान्सनं मत दिलं नाही.

बाहेर पडून कुंपणाला वळसा घातला आणि फोनकडे बघत पूर्वेला चालू लागले. 3 सेकंद, 2, 1. पायवाट ओलांडून गवतात शिरले आणि आकडा शून्यावर आला. एक पाऊल पुढे टाकलं, पश्चिमेचं पूर्व झालं. एक पाऊल मागे, पुन्हा शून्य. आसपास खूण नव्हती, पाटी नव्हती, रांगही नव्हती. एक आजोबा कुत्र्याला घेऊन माझ्यासमोरून एका गोलार्धातून दुसऱ्यात गेले. तिथे मी फोटो काढला. त्यात ओलं गवत आहे आणि माझे बूट.