आमची वाटचाल : काजूचं मशीन आणि धारवाडच्या फेऱ्या

बाबांनी 1994 ला बेळगावच्या उद्यमबागेत अर्धं शेड भाड्यानं घेतलं, एक जुना लेथ आणि एक ड्रिल मशीन, बस्स. आधी नुसतं जॉबवर्क, फाउंड्रीतून आलेलं कास्टिंग घासून द्यायचं. मग खानापूर-चंदगडकडचे काजूवाले त्यांची पायानं चालवायची कटिंग मशीनं रिपेअरीला आणायला लागले आणि रिपेअर करता करता बाबांनी आपलंच एक बनवलं. ती मजा परत कधीतरी, आज कोर्टाचं सांगतो, कारण गेली काही वर्षं आमची निम्मी वाटचाल तिकडंच झालीय.

2021 ला नोटीस आली. तुमच्या मशीनचा पेडल आणि ब्लेडचा जोड आमच्या पेटंटमधला आहे, बंद करा. कंपनी आमच्यापेक्षा कितीतरी मोठी. आम्ही म्हटलं हे तर आपण कधीपासून करतोय, आणि उत्तरच दिलं नाही (चूक माझी, बाबा दे म्हणत होते). मग थेट बेळगावच्या कोर्टात दावा आणि वर तात्पुरती मनाई. काजूचा सीझन तोंडावर, नऊ मशीनं रंग मारून तयार, अ‍ॅडव्हान्स घेतलेले, आणि विकायचं नाही.

वकिलांनी सांगितलं, "घाबरू नका की ओ, पेटंट मिळालं म्हणजे ते टिकणारच असं कायदा धरत नाही." आपल्या बचावात हे पेटंटच टिकणारं नाही एवढं म्हणता येतं. पण पेटंट रद्द करा असा उलटा दावा टाकला की अख्खी केस हायकोर्टात जाते, तो खर्च कोण करणार, म्हणून आम्ही नुसता बचावच घेतला. मनाईवर अपील मात्र 60 दिवसांत हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात.

मला वाटलेलं अपील म्हणजे सगळं पहिल्यापासून. तसं नसतंय. मनाईच्या ऑर्डरवर वरचं कोर्ट आपलं वेगळं मत आहे म्हणून ती बदलत नाही, खालच्या कोर्टानं मनमानी केली किंवा ठरलेला कायदाच बघितला नाही असं दिसलं तरच हात घालतं, सुप्रीम कोर्टाच्या 1990 च्या वॉन्डर विरुद्ध अँटॉक्स निकालापासून हेच चालत आलंय. आणि नवीन कागद तिथं सहजी घेत नाहीत, खाली जे दिलंय त्यावरच भांडायचं.

इथं बाबांचं चलनबुक (माल पाठवताना द्यायच्या पावत्यांचं) कामी आलं. 2009 चं, निळा कार्बन, बाबांच्या अक्षरात मराठीत, 'चंदगड, 1 नग, पेडलची सळी ब्लेडला थेट', आणि मागं पेन्सिलनं काढलेलं चित्र. त्या कंपनीचा पेटंटचा अर्ज 2013 चा, म्हणजे आमचं मशीन त्याच्या आधीचं. हे आम्ही खालच्याच कोर्टात दिलं होतं, पण ऑर्डरमध्ये त्याच्यावर एक ओळसुद्धा नव्हती! धारवाडला इंग्रजी भाषांतर करून द्यावं लागलं, 'सळी'ला काय म्हणायचं यावर वकील आणि मी अर्धा तास.

वकिलांनी मिर्झापूरच्या भांडीवाल्यांची केस पण दाखवली. लेथवर भांडं धरायच्या पद्धतीचं 1951 चं पेटंट, अलाहाबाद हायकोर्टात एका जजनं रद्द केलं, दोघांच्या बेंचनं परत जिवंत केलं, आणि 1978 ला सुप्रीम कोर्टानं परत रद्द, म्हणे ही वर्कशॉपमधली किरकोळ सुधारणा, शोध नव्हे. वाचून मला बरं पण वाटलं आणि थोडा रागही आला, कारण आमच्या धंद्यात सगळं डोकं तिथंच लागतंय, किरकोळ सुधारणेत.

अपिलात मनाई उठली, अट एकच, विकलेल्या प्रत्येक मशीनचा हिशोब ठेवून कोर्टात द्यायचा. तोवर सीझन गेलेला. नऊपैकी चार अ‍ॅडव्हान्स परत द्यावे लागले, एक जण तर अजून आमच्याशी बोलत नाही.

मूळ दावा अजून इथं बेळगावात चालूच आहे, पुढची तारीख पावसाळ्यानंतर. चलनं आता कॉम्प्युटरवर निघतात, पण बाबा अजून कार्बनची पण एक प्रत करतात आणि मागं चित्र काढतात. मी काही बोलत नाही.