बगदादचा पूल आणि 'वतन' हा शब्द

बगदादला चाललोय म्हटल्यावर घरच्यांनी कपाळाला हात लावला, पण मला तिथला ऐम्मा पूल बघायचाच होता. टायग्रिसच्या एका काठावर काझिमिया, शियांचा मोठा दर्गा, सोनेरी घुमट लांबूनच दिसतात, आणि दुसऱ्या काठावर आझमिया, सुन्नींची जुनी वस्ती, इमाम अबू हनीफांची मशीद. ३१ ऑगस्ट २००५ ला पुलावर आत्मघाती हल्लेखोर घुसलाय अशी अफवा उठली आणि चेंगराचेंगरीत नऊशेच्या वर शिया यात्रेकरू गेले. तेव्हा आझमियातला उस्मान अल-उबैदी नावाचा सुन्नी पोरगा नदीत उतरून बुडणाऱ्यांना काढत राहिला, काढता काढता शेवटी तोच बुडाला. कठड्याला धरून मी किती वेळ खालचं पाणी बघत होतो कुणास ठाऊक.

पुढच्याच वर्षी समारा शहरातल्या शियांच्या दर्ग्यात स्फोट झाला आणि गल्लोगल्ली खून पडायला लागले. आमच्या टॅक्सीवाल्या काकांचे वडील सुन्नी, आई शिया. त्या दिवसांत ते खिशात दोन ओळखपत्रं ठेवायचे, एक खरं, एक खोट्या नावाचं, कारण नाक्यावर नाव विचारायचे आणि नुसत्या नावावरून माणूस मारायचे.

इराकमध्ये पंथ आधीपासून होतेच, सद्दामने शियांवर अन्याय केला तोही खराच, पण २००३ मध्ये अमेरिका घुसली आणि पंथाचं थेट गणितच करून टाकलं. त्या जुलैत कारभारासाठी नेमलेल्या इराकी कौन्सिलमध्ये २५ जागा, १३ शिया, ५ सुन्नी अरब, ५ कुर्द, १ तुर्कमन, १ ख्रिश्चन. पुढे राष्ट्राध्यक्ष कुर्द, पंतप्रधान शिया, सभापती सुन्नी, असं घटनेत कुठेही लिहिलेलं नसताना ठरूनच गेलं. या वाटपाला तिकडे 'मुहासासा' म्हणतात. आपला 'हिस्सा' त्याच अरबी धातूतला, त्यामुळे मला तो शब्द ऐकल्या ऐकल्या कळला. खाती पक्षांच्या हिश्श्याला जातात आणि मग आपल्याकडच्या जुन्या वतनांसारखी त्यांच्याकडेच राहतात.

आणि २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये बगदादच्या तहरीर चौकात पोरं काय ओरडत होती, तर 'नुरीद वतन', आम्हाला देश हवाय! शिया पोरं शियांच्याच सरकारविरुद्ध रस्त्यावर होती, शेकडो मेली, पंतप्रधानांना राजीनामा द्यावा लागला. इराकला भविष्य असेल तर ते या पोरांकडेच आहे असं मला मनापासून वाटतं, खुर्च्यांची वाटणी अजून कितीही नीट केली तरी त्यातून देश उभा राहणार नाही.

काकांना विचारलं, पुढे काय होईल? त्यांनी पेल्यातला चहा हलवला, तळाला बोटभर साखर होती. म्हणाले, मुलगा इंजिनिअर होऊन घरी बसलाय, सरकारी नोकरीला पक्षाची चिठ्ठी लागते. आईकडून जाऊ का बापाकडून, तेवढं सांग.

मला काहीच सांगता आलं नाही.