इतवारीचा बचनाग, रामटेकची कळलावी

बचनाग ही औषधी, पण विषारी वनस्पती. जिवंत बचनाग बघायचा तर हिमालय गाठावा लागतो. साधारण अडीच हजार मीटरच्या वर, ओल्या कुरणांत, निळ्या-जांभळ्या टोपड्यांच्या फुलांचे तुरे. युरोपात त्याचेच भाऊबंद शोभेसाठी बागेत लावतात, हातमोजे घालून. नागपुरात बियाणं मागवून काही उपयोग नाही. बी रुजायला आधी लांब थंडी लागते आणि रोप उगवलंच, तरी मे महिन्याचे ४५ अंश त्याला झेपत नाहीत. इथे तो भेटतो सुकलेल्या मुळाच्या रूपात, इतवारीच्या बाजारात.

म्हणून श्रावणातली सकाळ आम्ही मस्कासाथच्या बाजूला, काष्ठौषधींच्या दुकानांत घालवली. गोणपाटाच्या तोंडाशी अश्वगंधा, शतावरी, मुरुडशेंगा. बचनाग मात्र मागितल्याशिवाय समोर येत नाही आणि मागितला की आधी प्रश्न येतो : ‘भाऊ, कायले पायजे तुम्हाले?’ हा प्रश्न विचारणारा दुकानदार चांगला समजावा.

मूळ बोटाएवढं, वर जाड, खाली निमुळतं, काळपट, सुरकुतलेलं. शेजारच्याच डब्यात अतिविषाच्या कळ्या, म्हणजे त्याची मुळं असतात, बाळगुटीतली. दोन्ही वनस्पती एकाच प्रजातीतल्या, ॲकोनिटम. अतिविष बाहेरून राखाडी, मोडलं की आत पांढरंशुभ्र, पिठूळ आणि चवीला नुसतं कडू. बचनागाने जीभ आणि ओठ झिणझिणतात, मग बधिर होतात. हा फरक वाचून ठेवायचा, चाखून बघायचा नाही. बाळगुटीचं साहित्य सुटं घेताना कळी मोडून दाखवायला सांगा, आणि शंका आली तर घेऊच नका.

वैद्य कच्चा बचनाग वापरत नाहीत. लहान तुकडे करून तीन दिवस गोमूत्रात, उन्हात. गोमूत्र रोज बदलायचं. मग साल काढून फडक्याच्या पुरचुंडीत बांधायचे आणि दोलायंत्रात, म्हणजे भांड्यावरच्या आडव्या काडीला टांगून, गाईच्या दुधात तीन तास उकळायचे. पुरचुंडी तळाला टेकली तर करपते, तुकडे जाड राहिले तर गाभा कच्चा राहतो. उष्णतेने बचनागातल्या विषाचा, ॲकोनिटिनचा रेणू तुटून सौम्य होतो, ही त्यामागची रसायनविद्या. उरलेलं दूध जनावराच्या तोंडी लागता कामा नये. त्रिभुवनकीर्ती, आनंदभैरव ही आयुर्वेदातली औषधं या शुद्ध वत्सनाभाचीच, म्हणजे बचनागाची. घरच्या गॅसवर करायचा हा उद्योग नव्हे : ॲकोनिटिन २ मिलिग्रॅमही जिवावर बेतू शकतं.

दुपारी कामठी-मनसरमार्गे रामटेक, साधारण ५० किलोमीटर. गडाच्या उतारावरच्या झुडपांत आम्ही शोधत होतो ती कळलावी, खड्यानाग. काही जण हिलाही बचनागच म्हणतात, आणि गोंधळ तिथेच होतो. वनस्पती वेगळी, विष वेगळं.

वेल ओळखायला सोपी : पानाचंच टोक लांबून वळतं आणि शेजारच्या फांदीला विळखा घालतं. आम्ही बराच वेळ एका फुलाशी बसलो. सहा पाकळ्या मागे उलटलेल्या, कडा लाटांसारख्या, बुडाशी पिवळ्या, टोकाकडे लाल. कळी हिरवी असते, जुनं फूल पुरतं लाल होतं, त्यामुळे एकाच वेलीवर तीन-चार रंग दिसतात. परागवाहिनी, म्हणजे स्त्रीकेसराचा दांडा, बुडापाशीच काटकोनात वळून बाजूला निघते. असं फूल दुसरं नाही.

कंद उपटू नका. कुंडीत लावायची तर रोपवाटिकेतून घ्या. कंद इंग्रजी व्ही अक्षरासारखा, ठिसूळ, आणि कोंब फक्त टोकाला. टोक मोडलं की उगवत नाही. मेच्या अखेरीस निचऱ्याच्या मातीत चार-पाच बोटं खोल, आडवा ठेवा, वर चढायला काडी द्या. हिवाळ्याच्या तोंडाशी वेल वाळली की पाणी बंद. लोक इथेच घालवतात : वाळलेली वेल मेली समजून पाणी घालत राहतात आणि कंद कुजतो. काढून ठेवलेला कंद रताळ्यासारखा दिसतो, तेव्हा स्वयंपाकघरात ठेवूच नये.

बचनाग काही मिनिटांत ते दोन-एक तासांत हृदयाची लय बिघडवतो. कळलावीतल्या कोल्चिसिन या विषाची चाल उलटी : काही तास काहीच नाही, मग उलट्या-जुलाब, थोडं बरं वाटतं, आणि पुढच्या दिवसांत मूत्रपिंड, रक्तपेशी कोसळतात. ‘आता बरं आहे’ म्हणून घरी थांबू नये. दोन्हींवर हुकमी उतारा नाही. उरलेला तुकडा सोबत घेऊन थेट मेडिकल, म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय गाठावं. बाळंतपणाच्या कळांसाठी कंद उगाळून लावण्याचा जुना प्रकारही आता सोडलेला बरा.

जायचं तर ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत, पायऱ्यांवर शेवाळ असतं म्हणून पकड असलेले बूट घालून. खाण्याची पिशवी गाडीतच ठेवा, गडावर माकडं फार आहेत.