जिभेवरची गाठ आणि उथळ तुकडा

मी पॅथॉलॉजिस्ट आहे; गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या मतासाठी माझ्याकडे एका गाठीतून तपासणीसाठी काढलेल्या तुकड्याची (बायोप्सीची) स्लाइड आली. सोबतच्या कागदावर एवढेच होते: स्त्री, वय 45, जिभेच्या कडेला सव्वा सेंटिमीटरची, कडक पण न दुखणारी गाठ, मिश्रीची जुनी सवय. आधीच्या अहवालात स्क्वॅमस सेल कार्सिनोमाची, म्हणजे अस्तराच्या पेशींच्या कॅन्सरची, दाट शंका नोंदवलेली होती आणि मोठ्या शस्त्रक्रियेची तारीखही ठरली होती.

तुकडा जेमतेम दोन मिलिमीटर खोल होता. अस्तराच्या पेशी बोटांसारख्या खाली उतरल्या होत्या, त्यामुळे कॅन्सरची शंका येणे स्वाभाविक होते. मात्र त्या पेशींची केंद्रके एकसारखी होती आणि विकृत विभाजन कुठेही आढळत नव्हते. अगदी तळाच्या कडेला मोठ्या, फिकट गुलाबी पेशींचा एक लहानसा पुंजका होता आणि त्यांचा पेशीरस बारीक रव्यासारखा दाणेदार दिसत होता. माझी नजर तिथेच थांबली. तुकडा ज्या मेणात जतन केला होता तो ब्लॉक मागवून एस-100 या प्रथिनाची चाचणी केली, तेव्हा त्या पेशी ठळक तपकिरी रंगल्या आणि निदान ग्रॅन्युलर सेल ट्यूमरकडे, म्हणजे दाणेदार पेशींच्या गाठीकडे, वळले.

रशियन पॅथॉलॉजिस्ट अब्रिकोसॉफ यांनी 1926 मध्ये या गाठीचे वर्णन केले. ती स्नायूतून उगवते असे त्यांना वाटल्यामुळे तिला मायोब्लास्टोमा म्हटले गेले. पुढे तिचे नाते मज्जातंतूंभोवती आवरण करणाऱ्या श्वान (Schwann) पेशींशी असल्याचे स्पष्ट झाले. ते दाणे म्हणजे पेशीत साठलेले लायसोसोम, म्हणजे टाकाऊ द्रव्ये पचवणाऱ्या सूक्ष्म पिशव्या. ही गाठ सहसा साधीच असते, पण तिच्यावरचे अस्तर कित्येकदा असे वाढते की वरवरच्या तुकड्यात ते हुबेहूब कॅन्सर भासते. आपल्याकडे तंबाखू आणि मिश्रीमुळे तोंडाचा कॅन्सर इतका नेहमीचा आहे की ही चूक होणे फार सोपे आहे, आणि तिची किंमत रुग्ण जिभेने मोजतो.

तरीही एका पुंजक्यावर विसंबणे मला मान्य नव्हते, कारण क्वचित ही गाठ आणि कॅन्सर शेजारी शेजारी सापडतात. मी सर्जनना फोन करून स्नायू दिसेल इतका खोल तुकडा मागितला. त्यात तेच दाणेदार पेशींचे थर स्नायूच्या तंतूंमध्ये शिरलेले दिसले. या गाठीला वेष्टन नसते, त्यामुळे ती थोड्या निरोगी कडेसह काढावी लागते, नाहीतर पुन्हा उगवू शकते. शस्त्रक्रिया तेवढीच झाली. काढलेला संपूर्ण भाग मी कापून तपासला. कडा मोकळ्या होत्या आणि कॅन्सर कुठेही नव्हता.



बाई आता नीट बोलतात, जेवतात. मिश्री मात्र अजून पूर्ण सुटलेली नाही, म्हणून सर्जन त्यांना दर सहा महिन्यांनी तपासणीला बोलावतात.