खोडलेली रेघ

"ताई, हे बरोबर आहे ना?" मुलींच्या उन्हाळी कला शिबिरात, जलरंगांच्या तासाला, नऊ वर्षांच्या एका मुलीने आज हे विचारले, तेव्हा तिच्या कागदावर झाडाच्या खोडाची एकच रेघ होती आणि तीही इतक्या वेळा खोडून पुन्हा काढलेली, की तिथल्या कागदाला लव सुटली होती.

असा कागद जलरंगाला साथ देत नाही. घासल्याने वरचा थर निघून जातो, पाणी थेट आत शोषले जाते आणि नेमका तिथेच गडद डाग पडतो. तिचेही तसेच झाले आणि तिने मुकाट्याने कागद पालथा घातला.

या वयात चित्र खऱ्यासारखे दिसावे असे मुलग्यांनाही वाटू लागते आणि हात आखडतो. पण नीटनेटकेपणाची शाबासकी आपण मुलींना फार लवकर आणि फार वेळा देतो, असे मला मनापासून वाटते. २०१७ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात, 'अतिशय हुशार' म्हणून मुलगे-मुलींपैकी आपल्याच गटाकडे बोट दाखवायला मुली सहाव्या वर्षापासूनच मुलग्यांपेक्षा कमी धजावतात, असे दिसले होते.

उद्या पेन्सिल, खोडरबर बाजूला ठेवून थेट ब्रशनेच सुरुवात करणार आहे. तुमच्या घरातली मुलगी चित्र काढताना आधी कागदाकडे पाहते की तुमच्याकडे?