धबधब्यातला गुरू

माझ्या कादंबरीतल्या जादूचे नियम मला नॉर्वेच्या हार्डांगर फिडलने, म्हणजे व्हायोलिनसारख्या तिथल्या लोकवाद्याने दिले. वर गजाने वाजवायच्या चार तारा, खाली चार-पाच तरफेच्या. तरफांना कुणी हात लावत नाही, तरी त्या घुमतात. सारंगी ऐकलेल्या कानाला हे लगेच ओळखीचं वाटतं. माझ्या राज्यात मंत्र म्हणतो एक आणि जागा होतो दुसराच, ते इथूनच आलं.

खरा खजिना मात्र फॉसेग्रिमच्या लोककथेत आहे. हा धबधब्यात राहणारा वादक. गुरुवारी संध्याकाळी त्याला मांस वाहायचं. ते भरपूर असेल तर तो शिष्याची बोटं धरून रक्त येईपर्यंत तारांवर फिरवतो, आणि मग त्या वादनावर झाडंसुद्धा नाचतात. मांस कमी पडलं तर? शिष्य फक्त फिडल सुरात लावायला शिकतो. वाजवायला नाही! इतकी नेमकी, इतकी क्रूर शिक्षा मला स्वतःहून कधीच सुचली नसती. नॉर्वेतल्याच टेलेमार्क भागातला म्युलारगुटेन (१८०१–१८७२) हा खराखुरा वादक, पण तोही फॉसेग्रिमकडेच शिकला असं लोक सांगत.

पुढे १९व्या शतकात कडव्या धार्मिकांनी हे वाद्य सैतानाचं ठरवलं. कित्येक फिडल जाळली गेली. माझ्या तिसऱ्या प्रकरणात जळतं ते हेच वाद्य. आगीत आधी तरफा तुटतील की वरच्या तारा, यावर सध्या मी अडून बसले आहे.