सात हिट पॉइंटचा गॉब्लिन

गोरेगावला मैत्रिणीच्या घरी आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे फासे टाकून साहसकथा खेळायचा खेळ, रविवारी दुपारी रंगतो (मेगाब्लॉक असेल तर संध्याकाळी). डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारी आणि राक्षस खेळवणारी, मी. राक्षस नुसते मार खायला आणायचे नाहीत, डोकं चालवून लढवायचे, असं मनावर घेतलं आणि सुरुवात गॉब्लिनपासून केली.

२०१४ च्या नियमांत त्याचे हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) जेमतेम ७, ताकद ८. तलवारवाल्यासमोर छाती काढून उभं राहणं त्याला परवडणारच नाही. पण चपळाई १४, लपताना फाशाच्या आकड्यात +६, धनुष्याचा सरळ पल्ला ८० फूट, शिवाय बोनस अ‍ॅक्शनमध्ये (पाळीतली जादा छोटी कृती) लपायची किंवा निसटायची सोय. त्याने कसं लढावं ते या आकड्यांतच आलं: झाडाआडून बाण मारायचा, लगेच दडी मारायची. लपून मारलेल्या बाणाला दोन वेळा डी-ट्वेंटी (वीस बाजूंचा फासा) टाकून मोठा आकडा धरायचा.

खरी पंचाईत वेगळीच. खेळाडूंपैकी कोणाचे किती हिट पॉइंट उरलेत, कोणाकडे कुठला मंत्र आहे, मला सगळं ठाऊक. गॉब्लिनला काय कप्पाळ ठाऊक? म्हणून खेळाडूंमधला जादूगार मंत्र टाकेपर्यंत गॉब्लिननी त्याला हेरून मारायचं नाही, असं स्वतःवरच बंधन घातलं. मला तरी याशिवाय डीएमची हुशारी म्हणजे निव्वळ चीटिंग वाटते. ऐनवेळी विचार करत बसले तर खेळ रेंगाळतो, म्हणून प्रत्येक गॉब्लिनची पहिली चाल आणि पळ कधी काढायचा, एवढं कार्डावर लिहून ठेवलं.

पहिल्या दोन फेऱ्यांत पार्टीची, म्हणजे खेळाडूंच्या टोळीची, भंबेरी उडाली. ‘अगं, पण आहेत कुठे हे?’ फायटर वैतागला. मग धनुष्यवाली रेंजर म्हणाली, ‘मी आत्ता मारतच नाही. डोकं वर आलं की सोडते बाण.’ रेडी अ‍ॅक्शन! पुढचा गॉब्लिन झाडामागून डोकावला आणि बाण मारायच्या आतच आडवा झाला. फायटर वळसा घालून मागून घुसला. दुसराही पडल्यावर कार्डाप्रमाणे उरलेले दोघे पळाले. पळालेल्यांचे एक्सपी (अनुभवाचे गुण) मिळणार की नाही यावर चहा निवेपर्यंत वाद झाला. मी दिले, हुसकावून लावणं हाही विजयच.

आता ते दोघे हॉबगॉब्लिनांना घेऊन येणार आहेत. हॉबगॉब्लिनांचा आर्मर क्लास (वार लागायला फाशावर गाठायचा आकडा) १८, आणि शत्रूला आपला साथीदार खेटून उभा असला की पाळीत एकदा २डी६ (सहा बाजूंचे दोन फासे) जादा डॅमेज. कार्डं लिहायला घेतली आहेत.